सात फुटांमागे दहा इंच

हिंगोलीला फिरायला कोणी जात नाही. मीही गेलो नव्हतो. लांज्याजवळ माझी कलमांची रोपवाटिका आहे. आंब्याच्या सावलीत हळद लावून पाहावी असं दोन वर्षं मनात होतं, आणि बेणं घ्यायचं तर हिंगोलीकडून घ्या, असं जो तो सांगत होता. एप्रिलमध्ये पिकअप काढली आणि निघालो. जाऊन-येऊन सहा दिवस लागले.

पण आधी अनंताबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय इतक्या लांब मी कधी गेलो नव्हतो.

अनंता सोळा वर्षं माझी गाडी चालवत होता. मी एकटा माणूस, लग्न केलं नाही, भाऊबंद मुंबईला. दिवसभरात माझं ज्याच्याशी चार शब्द बोलणं व्हायचं तो अनंता. प्रवासात तो चालवायचा, मी शेजारी बसायचो. रस्ता विचारणं, जेवायला कुठे थांबायचं ते ठरवणं, अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करणं, ही सगळी कामं त्याची.

गेल्या दिवाळीच्या आधी साखरप्याच्या अलीकडच्या एका वळणावर त्याच्या हातून गाडी उलटली. मी त्या दिवशी सोबत नव्हतो. भरलेली कलमं गेली आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या एका खासगी बसचा ड्रायव्हर मला म्हणाला, "माझा काटा सत्तरच्या आसपास होता, तरी तुमची गाडी काही जवळ येत नव्हती." मी दवाखान्यात गेलो. अनंता पट्ट्यात बांधलेला पडून होता.

"किती होता स्पीड?" मी विचारलं.

"साठ. काटा साठवर होता, भाऊ."

"खोटं बोलू नको माझ्याशी," मी म्हणालो आणि खोलीतून बाहेर आलो.

गाडी दुरुस्तीला टाकली तेव्हा मीटरही तपासून घेतलं. मीटरात काही बिघाड नव्हता. मग तर माझी खात्रीच पटली. महिन्याभराने अनंता आला, टेबलावर किल्ल्या ठेवल्या आणि गेला. मी थांब म्हटलं नाही. त्यानंतर तो कुठल्याशा शाळेची गाडी चालवतो, एवढंच कानावर आलं होतं.

रस्ता

कोल्हापूर, सोलापूर, लातूर असा जाण्याचा मार्ग. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. सांगोल्याच्या पुढे जेवायला थांबायचं होतं, पण कुठे थांबावं ते कळेना. अनंता ढाब्याबाहेर उभ्या ट्रकांकडे पाहून ठरवायचा. मी तीन ढाबे सोडले, चौथ्यासमोर थांबलो तर तो बंद. शेवटी शेंगदाण्याचे लाडू आणि पाणी.

गाडीतही मन लागत नव्हतं. ती रिकामी होती, मागे वाटेत कुणाला भेट द्यायला म्हणून दहा-बारा कलमं तेवढी, तरी पाचव्या गिअरमध्ये तिच्यात दम नव्हता. चढ आला की थेट तिसरा टाकावा लागे. लातूर सोडल्यावर एक गंमत झाली. 'नांदेड १००' अशी पाटी दिसली आणि वेळ घालवायला म्हणून मी मीटरचा आकडा लक्षात ठेवला. नांदेडात शिरलो तेव्हा मीटरवर एकोणनव्वद किलोमीटरच झाले होते. पाटी चुकीच्या जागी लावली असेल, असं मी मनाशी म्हटलं. शेजारी कोणी असतं तर यावर अर्धा तास वाद घातला असता.

कोकणातल्या माणसाला त्या भागातली पहिली गोष्ट जाणवते ती आभाळ. आमच्याकडे आभाळ झाडांच्या फटीतून दिसतं. इथे ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं. काळी जमीन उन्हाने भेगाळलेली, आणि तिच्यात मधूनच केळीचा एखादा हिरवागार चौकोन. आमच्याकडे घराजवळ दोन-चार केळी असतात, पानांसाठी. इथे केळीचं रान संपता संपत नाही.

हिंगोली

हिंगोलीत मी स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरलो. गल्ल्यावरच्या मुलाने हिंदीत विचारलं, "अकेले हो?" मी हो म्हटलं. खाणावळीत वाढप्याने विचारलं, "एकटेच का, मालक?" पुन्हा हो म्हटलं. आपण एकटे आहोत का, हे घरी कुणी विचारत नाही. प्रवासात दिवसातून चार वेळा कबूल करावं लागतं.

सकाळी मोंढ्यात, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारात गेलो. हळदीचे ढीग, पोती, तराजू, आणि सगळ्यावर पिवळी धूळ. हमालांच्या भुवया पिवळ्या, चहाच्या टपरीची फळी पिवळी. मी हातात एक हळकुंड घेऊन मोडलं. आत नारिंगी, आणि वास इतका कडक की शिंक आली. शेजारचे आडते हसले. "कोकणातलं नाक दिसतंय," त्यांपैकी एक म्हणाला. माझ्या बोलण्यावरून त्यांनी ओळखलं होतं.

बेणं मात्र मोंढ्यात नाही, शेतावर घ्यायचं होतं. कळमनुरीच्या रस्त्याला आत एका गावात माणिकराव नावाच्या शेतकऱ्याशी फोनवर ठरलं होतं. दुपारी पोचलो. त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, हळद शिजत होती. मोठाल्या लोखंडी पिपांतून वाफ निघत होती आणि बायका शिजलेली हळद फडक्यावर पसरत होत्या. माणिकराव पुढे आले, गाडीत डोकावले.

"दुसरे कुठायत?"

"दुसरे कोण?"

"फोनवर तुमी म्हणले ना, आमी येतो म्हणून. आमाला वाटलं दोघं हाय."

सोळा वर्षांची सवय. मी 'आम्ही' म्हणून गेलो होतो. ओसरीवर त्यांच्या पत्नीने दोन ताटं मांडली होती. एक ताट त्यांनी उचललं, आणि मला त्या क्षणी इतकं ओशाळं वाटलं की मी उगीचच म्हणालो, "ते येणार होते, जमलं नाही त्यांना."

ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. आमच्या आमटीला नारळ धरून ठेवतो, ही आमटी सरळ घशातून खाली जाळत जाते. माणिकरावांच्या पत्नी पुन्हा पुन्हा वाढत होत्या. "बराबर जेवा. एकट्या माणसाचं जेवण न्हाई होत," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत पंचवीस पोती गाडीत चढली. रात्री मी त्यांच्याच ओसरीवर झोपलो.

वारंगा फाटा

दुसऱ्या दिवशी सकाळी कळमनुरी सोडून थोडं पुढे आलो आणि मागचं डावं चाक बसलं. खाली उतरून पाहिलं तर टायर बाजूने फाटला होता. मोटरसायकलवरून जाणारे दोघं थांबले, त्यांनी जॅक लावायला हात दिला, स्टेपनी चढवली. त्यांतला एक म्हणाला, "काका, हे चाक छोटं दिसून राहिलं." मला माहीत होतं. स्टेपनी कंपनीच्या मापाची होती. बाकीची चारही चाकं मी दीड वर्षापूर्वी मोठी घातली होती. रोपवाटिकेचा रस्ता जांभ्या दगडाचा, पावसात खोल चाकोऱ्या पडतात, गाडीचं पोट घासायचं. मोठ्या चाकांनी गाडी दीड इंच वर आली आणि मी खूष झालो. अनंता तेव्हा म्हणाला होता, "भाऊ, गाडी जड झाली." नव्या टायरांची सवय होईल, असं मी त्याला सांगितलं होतं.

पोचू वारंगा फाट्यापर्यंत, असा विचार करून मी निघालो. दहा किलोमीटर झाल्यावर मागून बारीक सूर यायला लागला. आखाडा बाळापूर मागे पडलं तसा तो वाढत गेला, आणि फाट्यावर पोचेपर्यंत तापलेल्या तेलाचा वास केबिनमध्ये शिरला होता.

फाट्यावर नागपूरकडचा रस्ता आणि हिंगोलीचा रस्ता एकत्र येतात. हॉटेलं, टपऱ्या, टायरांचे ढीग, उभे ट्रक. मी कुठे थांबावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात एका पत्र्याच्या शेडमधून साठीचे एक गृहस्थ बाहेर आले आणि हात आडवा करून त्यांनी मला थांबवलंच.

"इंजिन बंद करा आधी. ही गाडी काहून रडून राहिली?"

ते सोपानराव. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले, आणि घरी बसवेना म्हणून फाट्यावर शेड टाकलेले. ते वाकून गाडीखाली पाहू लागले. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो त्याच्याजवळ त्यांनी हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"कुठून आले असे?"

"कळमनुरीच्या पुढून."

"भरलेली गाडी, एक चाक मोठं, एक लहान. अहो, लहान चाकाला तेवढाच रस्ता कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. मग ह्या गोळ्याच्या पोटातले दाते फिरून फिरून दोघांचा मेळ घालतात. ते दाते वळणासाठी हाय. वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं, तेवढ्यापुरती त्यांना तकलीफ. वळण संपलं की इसावा. तुमी त्यांना कळमनुरीपासून बसूच दिलं न्हाई. गाडी सरळ रस्त्यावर, पण त्यांच्या लेखी वळणच चालू हाय."

मी म्हटलं, लहान चाक काढून दुसरं मोठं मिळालं तर बरं.

"लहान कुठंय ते? तेच बराबर हाय. ही बाकीची तीन कोणी घातली?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं, आत गेले आणि सुतळीचा गुंडा घेऊन आले. गाडी जॅकवर घेतली. स्टेपनीच्या भोवती सुतळी गुंडाळून गाठ मारली, मग तशीच दुसरी सुतळी उजव्या मोठ्या चाकाभोवती. दोन्ही सोडवून जमिनीवर शेजारी शेजारी ताणल्या आणि टेप लावला.

"ही सात फूट. ही सात फूट दहा इंच." ते उकिडवेच बसून राहिले. "मीटरला रस्ता दिसत न्हाई, साहेब. गिअरबॉक्समधून किती फेरे झाले एवढंच त्याला कळतं. एक फेरा म्हणजे सात फूट, असं कंपनीनं त्याला शिकवलेलं. तुमी दर फेऱ्याला दहा इंच जास्त चालून राहिले. ते त्याला कोण सांगंल?"

मला नांदेडची पाटी आठवली. शंभराला एकोणनव्वद. ती मी त्यांना सांगितली.

"पाटी बराबर हाय," ते म्हणाले.

मग मी विचारलं, "काट्यावर साठ असेल, तर खरा स्पीड किती?"

"सदुसष्ट. एखादा इकडंतिकडं."

माझ्या मागे फाटलेला टायर पडला होता, त्यावर मी बसलो. सोपानराव आपल्या नादात बोलत होते. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर जड होतो, पहिला दुसऱ्यासारखा वागतो, दुसरा तिसऱ्यासारखा. चढावर क्लच अर्धा दाबून धरल्याशिवाय भरलेली गाडी हलत नाही. ब्रेकही पहिल्यासारखा धरत नाही.

"क्लच प्लेट किती येळा बदलली?"

"वर्षात दोनदा."

"अन् ड्रायव्हरला बोलले असाल, क्लचवर पाय ठेवून चालवतो म्हणून."

बोललो होतो. रोपवाटिकेतल्या बायकांच्या देखत बोललो होतो.

समोरच्या हॉटेलात कढईत भजी तळत होती, एक ट्रकवाला हापशावर अंघोळ करत होता. अनंताने काट्यावर जे पाहिलं तेच सांगितलं होतं. बसच्या ड्रायव्हरनेही खरंच सांगितलं होतं. त्या दोघांच्या मधलं सात किलोमीटरचं अंतर मी स्वतः विकत आणून गाडीला लावलं होतं.

"काय झालं?" सोपानरावांनी विचारलं. "ऊन लागलं व्हय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. अनोळखी माणसाशी इतकं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन. शेवटी सुतळी गुंडाळत ते म्हणाले, "कंपनीच्या मापाचे तीन टायर नांदेडवरून मागवतो. उद्या येतील. तवर ह्या गोळ्यातलं तेलबी बदलून घेऊ. तुमी माझ्या घरी चला."

डोंगरकडा

सोपानरावांचं घर डोंगरकड्याला, फाट्यापासून जवळच. मोटरसायकलवर मागे बसून गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, आणि त्यांच्या सावलीचा गारवा अंगावर येत होता. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला नोकरीत. घरात ते आणि त्यांच्या पत्नी कमलबाई.

कमलबाईंनी धपाटे केले होते, सोबत दही. माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं रोज भातच खात्यात म्हणं?"

"हो. दोन्ही वेळा."

"मग पोट भरतं व्हय?" त्यांना खरोखरच काळजी वाटली होती.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग गप्पा, मग जेवण. इथे दारात पाय ठेवला की पुढ्यात ताट. बोलायचं ते खाताना. सोपानरावांनी माझी गोष्ट बायकोला सांगून टाकली, माझ्यासमोरच, जशी एखाद्या गाडीची तक्रार सांगावी. कमलबाईंनी ती ऐकली आणि माझ्याकडे वळल्या.

"मग फोन लावला का?"

"नाही अजून."

"काहून? त्याचा नंबर न्हाई?"

नंबर होता. मी अंगणात गेलो. सूर्य केळीच्या मागे उतरत होता आणि लांब कुठेतरी हळद शिजवण्याची भट्टी चालू होती, तिचा मातकट, गोडसर वास येत होता. फोन अनंताच्या बायकोने उचलला. मी नाव सांगितलं.

"अनंताला द्या ना जरा."

तिने फोनवर हात धरला असावा. तरी आतून त्याचा आवाज मला ऐकू आला. सहा महिन्यांनी ऐकत होतो. मग तीच बोलली, "ते विचारतात, गाडी बंद पडली का?"

"नाही. बंद नाही पडली. त्याला सांगा, चाकं बदलतोय मी."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी अंगणात उभा राहिलो. कमलबाई दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन अंथरूण घालू लागल्या.

परतीचा रस्ता

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडहून टायर आले. सोपानरावांनी चारही चाकं एका मापाची केली, गोळ्यातलं काळं झालेलं तेल काढून नवं भरलं. निघताना त्यांनी विचारलं, "आता पुन्हा मोठे घालणार न्हाई ना?" रस्त्याचं काय करायचं, मी विचारलं. "रस्ता दुरुस्त करा की," ते म्हणाले. चार ट्रॉल्या खडी टाकून जे काम झालं असतं ते मी दीड वर्ष केलं नव्हतं.

गाडी भरलेली होती, तरी जाताना रिकाम्या गाडीने जे केलं नव्हतं ते तिने परतीला केलं. चौथ्या गिअरमध्ये वाटेतले सगळे चढ ओढून काढले. मी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरचे आकडे आणि मीटर जुळवून पाहत होतो. दहाला दहा, वीसला वीस. सगळं बरोबर येत होतं आणि मला मुळीच आनंद होत नव्हता. दोन दिवस मी मनात एकच बोलणं तयार करत होतो: अनंता, तू खरं बोलला होतास. सोलापुरात ते तयार झालं, मिरजेला पुन्हा बिघडलं.

लांज्याला पोचल्यावर पोती उतरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात शाळेच्या गाडीची काच पुसत होता. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून डाव्या हाताने. मला पाहून त्याने फडकं खाली ठेवलं.

मी सुतळीपासून सुरुवात केली. सात फूट, सात फूट दहा इंच. साठ म्हणजे सदुसष्ट. तयार केलेलं वाक्य शेवटी कसंबसं बोललो.

"मला ठाऊक होतं," अनंता म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"चाकं घातली त्याच आठवड्यात कळलं. पाट्या जुळत नव्हत्या. मी काट्यावर सात-आठ मिळवूनच चालवायचो, भाऊ. त्या दिवशी घाई केली. त्या वळणाला सदुसष्ट जास्तच होते. चूक माझी होती. खोटं नव्हतं."

"मग दवाखान्यात सांगितलं का नाहीस?"

"सांगत होतो की. काटा साठवर होता म्हणालो. पुढे चाकांचं सांगणार होतो." त्याने फडकं पुन्हा उचललं. "तुम्ही बाहेर गेलात."

त्याची बायको चहा घेऊन आली. आम्ही अंगणातच उभ्याने प्यालो. रोपवाटिकेत परत येशील का, हे मला विचारायचं होतं, आणि ते त्याला दिसलं असावं, कारण तोच म्हणाला, "मुलांना सवय झाली आहे माझी. येतं वर्ष तरी शाळेचं काम मोडणार नाही." मग घड्याळ पाहून तो शाळेच्या गाडीत चढला.

गाडी फाटकाबाहेर काढण्याआधी त्याने काच खाली केली. "खडी टाकणार असाल तर रविवारी टाका," तो म्हणाला. "रविवारी मी मोकळा असतो."